गोचीड काढायचा हुक आणि बारीक टोकाचा चिमटा : आठ महिने वापरल्यावर

मी कपडे शिवते. चिमटा माझ्या रोजच्या हातातला, कारण ओव्हरलॉक मशीनमध्ये दोरा ओवायचा तर बोटं आत पोचत नाहीत. लांब चिमट्यानेच दोरा लूपरच्या भोकातून ओढून घ्यावा लागतो. चिमट्याची टोकं नीट मिळतात की नाही, हे मला तो उजेडाकडे धरला की कळतं. हे आधी सांगितलं, कारण ज्या संचाबद्दल लिहिते आहे त्यातली निम्मी पारख टोकांचीच आहे.

संच छोटा आहे. प्लास्टिकचे दोन हुक, एक मोठा, एक लहान. स्टीलचा एक चिमटा. दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग. फिरकीच्या झाकणाची इवलीशी बाटली, स्पिरिटमध्ये भिजवलेल्या चार पट्ट्या आणि एक माहितीपत्रक. सगळं चष्म्याच्या डबीएवढ्या पेटीत बसतं. आठ महिन्यांत आमच्या कुत्र्याच्या, मोतीच्या अंगावरून ४१ गोचीड काढले आणि माणसांच्या अंगावरून २. वहीत लिहून ठेवते, म्हणून आकडा पक्का आहे.

संच का घेतला ते सांगते. मोती झोपला होता आणि त्याच्या खालच्या पापणीशी करड्या मण्यासारखं काहीतरी दिसलं. गोचीड आहे हे कळलं आणि मी सरळ नखात धरून ओढला. तो फुटला. रक्त माझ्या अंगठ्यावर आणि पहिल्या बोटावर पसरलं. त्याच बोटावर त्या दिवशी सुईचे तीन टोचे होते, ताजे. साबणाने हात धुतले, आणि रात्री वाचायला बसले तेव्हा क्रिमियन-काँगो तापाबद्दल कळलं. १९४४ मध्ये क्रिमियात या तापाची मोठी साथ नोंदली गेली. हायलोमा जातीचे गोचीड तो पसरवतात, चावून तर खराच, पण बाधित गोचीड उघड्या बोटांनी चिरडला तरी विषाणू त्वचेच्या जखमेतून आत जाऊ शकतो. साथींमध्ये दगावणाऱ्यांचं प्रमाण १० ते ४० टक्के. दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांनी मोतीवरचे गोचीड तपकिरी, म्हणजे नेहमीचे कुत्र्यांवरचे आहेत असं सांगितलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून मी नखाने गोचीड काढलेला नाही, आणि कुणाला काढूही देत नाही.

आता हुकाकडे येते, कारण या संचातली सर्वांत चांगली वस्तू तीच आहे. हुकाचं टोक वाकवलेलं आहे आणि मधोमध इंग्रजी ‘व्ही’सारखी फट आहे. ही फट गोचिडाच्या एका बाजूने, कातडीला अगदी लागून सरकवायची. फट अरुंद होत जाते तिथे गोचिडाचं तोंड अडकतं आणि फुगलेलं पोट हुकाच्या वर राहतं. पोटावर दाब येतच नाही. साध्या जाड चिमट्याने आपण नेमकं पोट दाबतो, आणि मग तो फुटतो किंवा त्याच्या आतलं बाहेर पडतं.

गोचीड इतका घट्ट का बसतो, हे भिंगातून पाहिल्यावर मला हुकाची रचना कळली. गोचीड कीटक नाही. कोळी आणि विंचवाच्या कुळातला, आठ पायांचा. त्याला आपण म्हणतो तसं वेगळं डोकं नसतं. पुढे फक्त तोंडाचे अवयव असतात. दोन बारीक सुऱ्यांसारख्या अवयवांनी तो कातडी कापतो, आणि मधला चपटा दांडा आत घालतो. या दांड्यावर मागे वळलेल्या काट्यांच्या रांगा असतात. मासे धरायच्या गळाचा काटा जसा आत जाताना सहज जातो आणि ओढताना अडतो, तसंच. शिवाय बरेच टणक कवचाचे गोचीड लाळेतून एक चिकट द्रव सोडतात, तो घट्ट होतो आणि तोंडाभोवती चिरेबंदी होते. शास्त्रातही त्याला सिमेंटच म्हणतात. ज्यांचं तोंड आखूड, ते कातडीवर जास्त सिमेंट लावतात. तपकिरी गोचीड त्यांतलाच. काढल्यावर त्याच्या तोंडाला पांढरट कण चिकटलेला दिसतो. पहिल्यांदा मला वाटलं मोतीच्या कातडीचा लचका आला. तो कण म्हणजे ते वाळलेलं सिमेंट आणि थोडीशी मेलेली त्वचा. तो दिसला की मी निश्चिंत होते, कारण तोंड बाहेर आलं आहे हे त्यावरून समजतं.

हुक पिळायचा की सरळ ओढायचा, यावर मतं वेगळी आहेत. चिमट्याने काढताना पिळू नये, सरळ वर सावकाश ओढावं, असं आरोग्य खात्यांची पत्रकं सांगतात. हुकाबरोबरच्या पत्रकात मात्र हळूहळू फिरवा असं लिहिलेलं असतं. मी दोन्ही करून पाहिलं. त्या दांड्यावरचे काटे स्क्रूच्या आट्यांसारखे नाहीत, त्यामुळे डावीकडे की उजवीकडे याला अर्थ नाही. हुक सावकाश फिरवला की दोन-तीन वेढ्यांत पकड सैल होते आणि गोचीड जिवंत, पाय हलवत हुकातच राहतो. हुकाने काढलेल्या ३३ पैकी एकाचंच तोंड आत राहिलं, तेही मोतीने मान झटकली म्हणून. राहिलेलं तोंड मी सुईने उकरलं नाही. माझ्यासारखीच्या हाताला सुई घेण्याचा मोह फार होतो, पण उकरल्याने जखम वाढते. कातडी तो तुकडा काही दिवसांत आपोआप बाहेर ढकलते. तसंच झालं.

लहान हुकात एक खोट होती. फटीच्या कडेला साच्याच्या जोडाचा पातळ पापुद्रा राहिलेला होता आणि त्यात मोतीचे केस अडकायचे. तो कळवळायचा आणि पुढच्या वेळी हुक दिसला की पलंगाखाली जायचा. शिवण उसवायच्या ब्लेडने मी तो पापुद्रा खरवडून काढला, मग बारीक पॉलिश पेपर फिरवला. आता चालतं. पण हे काम बनवणाऱ्याचं होतं. तुमच्याकडे असा हुक आला तर फटीतून आधी एक दोरा ओढून पाहा. दोरा अडकला तर केसही अडकणार.

चिमट्याची टोकं सुरुवातीला उत्तम मिळत होती. उजेडाकडे धरला तर टोकापाशी फट नाही, आणि मागे दोन पात्यांमध्ये हलकीशी जागा. असंच हवं. पूर्ण लांबीवर चिकटणारी पाती दाबली की टोकं उघडतात. ताण हलका आहे, हाही गुण. ताण जड असला की दाबाचा अंदाज येत नाही आणि तोंड तुटतं. आतून पाती गुळगुळीत आहेत, खाचा नाहीत. ओल्या केसांत जरा सटकतात, पण खाचांमध्ये अडकून गोचीड चिरडण्यापेक्षा हे बरं. पाचव्या महिन्यात तो फरशीवर पडला आणि एक टोक किंचित वळलं. मी सरळ केलं, तरी पहिल्यासारखा राहिला नाही. स्टील मऊ आहे. टोकावर टोपण दिलं असतं तर हे झालं नसतं.

भुवयांचा तिरक्या टोकाचा चिमटा चालेल का, असं शेजारच्या वहिनींनी विचारलं होतं. मोठा फुगलेला गोचीड असेल तर निभावतं. पण लहान असेल तर नाही, आणि धोका जास्त लहानांचाच. अंड्यातून निघतो तो लार्वा, त्याला सहाच पाय असतात. एकदा पोटभर रक्त पिऊन तो गळून पडतो, कात टाकतो आणि आठ पायांचा निम्फ होतो. निम्फ पुन्हा एकदा पितो, पुन्हा कात टाकतो आणि प्रौढ होतो. टणक कवचाचे गोचीड प्रत्येक अवस्थेत एकदाच जेवतात, पण ते जेवण दिवसांचं असतं: लार्वा आणि निम्फ काही दिवस, प्रौढ मादी आठवडाभर किंवा जास्त. निम्फ खसखशीच्या दाण्याएवढा. अंगावर तीळ आहे की गोचीड, हे डोळ्यांना कळत नाही. लहान हुकाची फट त्याच्यासाठी मोठी पडते, तो सटकतो. तिथे बारीक टोकाचाच चिमटा लागतो, दुसरं काही नाही.

माझ्या लेकीच्या बाबतीत हेच झालं. ती नऊ वर्षांची आहे. सकाळी तिची वेणी घालत होते. कानामागे, केस सुरू होतात तिथे, काळा ठिपका. मी बोटाने सरकवला, हलला नाही. भिंग लावलं तर आठ पाय दिसले, कातडीवर पसरलेले. “आई, काय आहे?” असं तिने दोनदा विचारलं. मी तिला भिंत धरून उभी राहायला सांगितलं, तिचे केस कपड्याला लावायच्या पिनांनी बाजूला घेतले, खिडकीकडे तोंड करायला लावलं. चिमट्याची टोकं कातडीला टेकवली, ठिपक्याच्या दोन्ही बाजूंनी, आणि सरळ वर ओढायला लागले. झटका नाही. कातडी छोट्या तंबूसारखी वर आली. मनात पाच-सहा आकडे मोजले असतील, मग एकदम सुटला. दुखलं का विचारलं तर म्हणाली, नाही. चावतानाही तिला कळलं नव्हतं, कारण गोचिडाच्या लाळेत असं बरंच काही असतं ज्याने खाज, सूज आणि वेदना दबतात, रक्त गोठत नाही आणि आपल्या शरीराचा प्रतिकार त्या जागी मंदावतो. कित्येक दिवस एकाच जागी बसून खायचं तर यजमानाला पत्ता लागून चालत नाही.

सासूबाईंनी त्या वेळी तेल आणलं होतं. त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण मी त्यांचा हात धरला. तेल, पेट्रोलियम जेली, नेलपॉलिश, पेटती काडी, हे सगळे उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. १९८५ मध्ये ग्लेन नीडहॅम नावाच्या अभ्यासकांनी चिकटलेल्या गोचिडांवर पेट्रोलियम जेली, नेलपॉलिश, स्पिरिट आणि गरम काडी लावून पाहिली. एकाही उपायाने गोचीड सुटला नाही. त्याचा श्वास इतका सावकाश चालतो की तेलाखाली तो गुदमरायला फार वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तो लाळ सोडत राहतो. वेळच तर आपल्याकडे नसतो.

आणि इथे माझी या संचाबद्दलची मोठी तक्रार आहे. माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला लिहिलं आहे: गोचीड सुटत नसेल तर तेलाचा थेंब टाकून दहा मिनिटं थांबा. शिवाय शेवटची ओळ अशी की गोचीड काढल्यावर धोका संपतो. दोन्ही चूक. मी विक्रेत्याला सविस्तर लिहून कळवलं, उत्तर आलं नाही. तुम्ही संच घेतलात तर ते पत्रक सरळ फाडून टाका.

धोका कधी संपतो हे कोणता जंतू आहे त्यावर ठरतं. लाइम आजाराचं उदाहरण सर्वांत जास्त अभ्यासलेलं आहे. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात लाइम या गावाच्या परिसरात १९७५ च्या सुमारास अनेक मुलांचे सांधे सुजू लागले, त्यावरून हे नाव पडलं. विली बर्गडॉर्फर या संशोधकांनी गोचिडाच्या आतड्यात स्प्रिंगसारखे वळलेले जीवाणू पाहिले आणि १९८२ मध्ये ते जगासमोर आलं. हे जीवाणू उपाशी गोचिडाच्या आतड्यात पडून असतात. ताजं रक्त आत आलं की ते वाढतात, मग लाळग्रंथींकडे जातात आणि तिथून आपल्यात येतात. या प्रवासाला वेळ लागतो, सहसा २४ तासांहून जास्त. म्हणून रोज रात्री अंग तपासून गोचीड काढला तर हा आजार बहुतेकदा टळतो. पण पोवासन हा गोचिडाचाच, मेंदूला सूज आणणारा विषाणू अवघ्या १५ मिनिटांत पोचू शकतो, आणि मेंदूज्वराचा जो प्रकार युरोप-आशियात गोचिडामुळे होतो त्याचा विषाणूही आधीपासून लाळेतच असल्याने मिनिटांत येतो. त्या मेंदूज्वरावर लस आहे. कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये माकडं मरू लागली आणि मग माणसांना ताप येऊ लागला, तो माकडतापही गोचिडाचाच. तिथे विषाणू नेणारे बहुतेक निम्फच असतात. प्रत्येक भागातले गोचीड वेगळे, जंतू वेगळे. डॉक्टरांकडे गेलात तर तुम्ही गेल्या महिन्यात कुठे हिंडलात हे न विचारता सांगा.

लेकीचा गोचीड मी पारदर्शक चिकटपट्टीवर चिकटवला, वर दुसरी पट्टी, बाजूला तारीख आणि जागा: उजव्या कानामागे. डॉक्टरांनी तो पाहिला, फुगलेला नव्हता, म्हणाले आत्ता औषध नको, लक्ष ठेवा. लाइमचा पुरळ चाव्यानंतर ३ ते ३० दिवसांत दिसतो, हळूहळू पसरत जातो, कधी मध्ये फिकट होऊन नेमबाजीच्या चक्रासारखा दिसतो. खाज बहुधा नसते. चाव्यानंतर लगेच येणारी छोटी लाली वेगळी, ती लाळेची. मी रोज खडूने तिच्या कानामागच्या लालीची कडा आखायचे, कपड्यावर खूण करतो त्याच चपट्या खडूने. तिसऱ्या दिवशी लाली गेली. तरी ताप, डोकेदुखी, अंगदुखी यांच्यावर महिनाभर नजर ठेवली.

भिंगाबद्दल मला आनंदाने लिहायचं आहे. असं भिंग वेगळं घेतलं असतं तरी पैसे वसूल झाले असते. मादी आणि नर मी भिंगामुळे ओळखू लागले. नराच्या पाठीवर कडक ढाल पूर्ण झाकणासारखी असते, म्हणून तो फुगू शकत नाही. मादीची ढाल फक्त पुढच्या भागावर, जणू लहान केप, आणि मागची कातडी बारीक चुण्या घातल्यासारखी. रक्त पिताना त्या चुण्या उलगडत जातात आणि तिचं वजन शंभरपटीहून जास्त होतं. फुगलेल्या मादीत मावणारं रक्त तिने प्यायलेल्या एकूण रक्तापेक्षा कमीच असतं, कारण जास्तीचं पाणी ती लाळेतून पुन्हा यजमानाच्या अंगात सोडते आणि घट्ट भाग ठेवून घेते. ज्या नळीने ती पिते त्याच वाटेने ती परत ओकते. रोग कसा पोचतो, हे मला यातून नीट समजलं.

पुढच्या पायांच्या टोकाला एक इवलासा खळगा असतो, तो या भिंगात नीट दिसत नाही, पण पट्टीवर चिकटवलेला जिवंत गोचीड काय करतो ते दिसतं. मी त्याच्यावर श्वास सोडला. पुढचे दोन पाय लगेच वर आले आणि हवेत चाचपू लागले. त्या खळग्याला हॅलरचा अवयव म्हणतात. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, ऊब, वास हे सगळं त्याने कळतं. गोचीड उडी मारत नाही, उडत नाही. काही जातींचे गवताच्या पात्यावर चढून पुढचे पाय पसरून वाट पाहतात आणि अंग घासलं की पकडतात. हायलोमा मात्र वाट पाहत नाही, जमिनीवरून धावत येतो.

बाटली निरुपयोगी. झाकणाला आतून वॉशर नाही, स्पिरिट उडून जातं. चार पट्ट्यांपैकी दोन पाकिटातच वाळलेल्या निघाल्या. चिकटपट्टी आणि घरातलं स्पिरिट पुरतं.

आता संचाच्या हाताबाहेरची गोष्ट, कारण फक्त हुकावर विसंबून मी मोतीला आजारी पाडलं, असं मला वाटतं. तिसऱ्या महिन्यात तो जेवेना, ताप आला, एका सकाळी नाकातून रक्त. रक्ततपासणीत प्लेटलेट्स फार खाली. एर्लिकिया कॅनिस नावाचा जीवाणू, पांढऱ्या पेशींत राहणारा, तपकिरी गोचिडानेच नेलेला. तो गोचीड चिकटल्यापासून काही तासांतच पोचू शकतो, म्हणजे रोज संध्याकाळी तपासूनही उशीरच. २८ दिवस डॉक्सिसायक्लिन दिलं. आता बरा आहे, धावतो. त्यानंतर पशुवैद्यांच्या सल्ल्याने गोचिडावरची तोंडाने द्यायची गोळी सुरू केली. ती रक्तात राहते आणि चावणाऱ्या गोचिडाच्या मज्जासंस्थेवर काम करून त्याला मारते. म्हणजे चावा होतोच, पण तो फार काळ जगत नाही. वहीतल्या ४१ पैकी ३५ गोळीच्या आधीचे आहेत. घरात मांजर असेल तर कुत्र्यावर लावायची परमेथ्रिनची औषधं फार जपून. मांजराला ती जीवघेणी ठरतात.

आणि घर. तपकिरी गोचिडाला घरातच पूर्ण आयुष्य काढता येतं, बाहेरच्या गवताची त्याला गरज नाही. तो प्रत्येक अवस्थेनंतर कुत्र्यावरून उतरतो आणि वर चढतो: भिंत, दाराची चौकट, पडदा. आमच्या खोलीतल्या पडद्याची खालची दुमड मला हाताला खरखरीत लागली. मी शिवण उसवली. दुमडीच्या आत, टाक्यांच्या रांगेला लागून, पोकळ कातींची ओळ होती, पारदर्शक, प्रत्येकीला पाय. आणि कोपऱ्यात एक सुकलेली मादी, तिच्यासमोर तपकिरी, चकाकत्या अंड्यांचा ढीग. मादी एकदाच, हजारोंनी अंडी घालते आणि मरते. ती दुमड मी स्वतः शिवली होती, दुहेरी, छान वजन यावं म्हणून. सगळे पडदे गरम पाण्यात धुतले, दुमडी एकेरी केल्या, चौकटीच्या फटी बुजवल्या, मोतीचं अंथरूण दर आठवड्याला धुते. कपडे वाळवायचं गरम हवेचं यंत्र असेल तर त्याचा उपयोग करा. बाहेरून आल्यावरचे कोरडे कपडे जास्त उष्णतेवर दहा मिनिटं फिरवले की गोचीड मरतात. त्यांना कोरडी उष्णता सोसत नाही.

गोचीड रोग पसरवतो हे कळायला माणसाला वेळ लागला, पण डासापेक्षा त्याचा नंबर आधी लागला, हे मला वाचून विशेष वाटलं. १८९३ मध्ये थिओबाल्ड स्मिथ आणि एफ. एल. किलबोर्न यांनी गुरांचा टेक्सास ताप गोचिडाने पसरतो हे दाखवून दिलं. रोनाल्ड रॉस यांना डासात मलेरियाचा जंतू दिसला तो १८९७ मध्ये. हॉवर्ड रिकेट्स यांनी १९०६ मध्ये रॉकी माउंटन ज्वर या अमेरिकेतल्या पुरळाच्या तापाचा गोचिडाशी संबंध सिद्ध केला आणि १९१० मध्ये अशाच दुसऱ्या जंतूमुळे होणाऱ्या टायफस तापाचा अभ्यास करताना ते त्याच आजाराने गेले. पेटीतून चिमटा काढताना मला कधीकधी त्यांची आठवण येते.

आणखी एक, जे डॉक्टरांकडे जाताना लोक सांगायचं विसरतात. काही जातींच्या चाव्यानंतर माणसाला लाल मांसाची ॲलर्जी सुरू होऊ शकते, आणि ती जेवणानंतर काही तासांनी येते म्हणून कारण सापडत नाही. आणि लहान मुलाचे पाय अचानक लुळे पडू लागले, अशक्तपणा खालून वर चढू लागला, तर केसांतून बोटं फिरवून गोचीड शोधा आणि त्याच वेळी दवाखाना गाठा. काही गोचिडांच्या लाळेतल्या विषाने असं होतं, आणि बहुतेक जातींच्या बाबतीत गोचीड काढल्यावर मूल सुधारू लागतं.

तर घ्यायचा का? कुत्रा असेल, गवतातून, रानातून, गोठ्यातून जाणं-येणं असेल, तर मोठा हुक आणि बारीक टोकाचा चिमटा नक्की घ्या. हे दोन सुटे मिळाले तर सुटेच घ्या, आणि भिंग वेगळं. चिमटा घेताना उजेडाकडे धरून टोकं पाहा. पूर्ण संचाला मी पाचपैकी साडेतीन देते; हुक आणि भिंगाला पूर्ण गुण, चिमट्याला मऊ स्टीलमुळे थोडे कमी, बाटलीला काही नाही, आणि पत्रकामुळे अर्धा कापला. तपासताना माणसाचे कानामागचे केस, काखा, बेंबी, कंबरपट्ट्याची जागा, जांघा, गुडघ्यांची मागची बाजू. कुत्र्याच्या कानांच्या आतली घडी, पापण्या, पट्ट्याखाली आणि बोटांच्या बेचक्यांत. बेचक्यांतले मला सर्वांत उशिरा सापडले.

मोठा हुक आता मोतीच्या पट्ट्याशेजारी खिळ्याला टांगलेला आहे. चिमट्याच्या टोकांवर मी जुन्या लोकरीच्या सुईचं रबरी टोपण बसवलं आहे, ते अगदी बरोबर बसलं.